दोन्ही डिस्कना समान न्याय

संगणकातल्या दोन डिस्कपैकी वाचनाचं काम कोणी करायचं, या प्रश्नावर मॅलरी पॉइंट बोल्स क्लबाने, म्हणजे हिरवळीवर गोळे घरंगळवत खेळणाऱ्या मंडळींनी, मतदान घेतलं. हात वर करून. हात वर करणाऱ्यांपैकी एकानेही आयुष्यात डिस्क हातात धरलेली नव्हती. दोघांनी तर आणखी चहा हवा म्हणून हात वर केले होते, तेही मोजले गेले. मी जन्मभर वर्तमानपत्रात रात्रपाळीचा मुख्य उपसंपादक होतो. मंत्र्यांची भाषणं, नगरपालिकेचे खुलासे आणि कुत्र्यांच्या प्रदर्शनाचे निकाल या हाताखालून गेले आहेत. माणूस किती मूर्खपणा करू शकतो याचा मला अंदाज आहे, असं मला त्या संध्याकाळपर्यंत वाटत होतं.

आमचं वर्तमानपत्र बंद पडलं तेव्हा त्याचे सगळे फोटो क्लबाकडे आले. दुसऱ्या कुणाकडे कोरडी खोली नव्हती, एवढंच कारण. मी ते फोटो एकेक करून संगणकात घातले आणि मूळ खोकी स्वयंपाकघरामागच्या खोलीत रचून ठेवली. कागद कारखान्याचा शेवटचा भोंगा, पूर आलेला पूल, गावातलं प्रत्येक लग्न, प्रत्येक बुडालेली होडी, सगळं त्यात आहे. मग राजधानीतल्या संग्रहालयाला अचानक आमची काळजी वाटू लागली. त्यांनी कळवलं की एक अधिकारी बाई येऊन पाहणी करतील, आणि संग्रह सुरक्षित वाटला नाही तर खोकी आणि मशीन दोन्ही व्हॅनमध्ये घालून घेऊन जातील. म्हणजे मॅलरी पॉइंटच्या माणसाला आपल्याच आजीचा फोटो बघायला बेटाच्या दुसऱ्या टोकाला जावं लागणार.

म्हणून मी आरशाची व्यवस्था केली. त्यात अवघड काही नाही. मशीनमध्ये दोन डिस्क बसवायच्या. जे लिहिलं जाईल ते दोन्हींवर सारखंच लिहिलं जातं, एक मेली तरी दुसरी जिवंत. लिहायचं तर दोघींनी, पण वाचायचं कोणी, हे मात्र ठरवावं लागतं. आळीपाळीने वाचता येतं. जी रिकामी असेल तिला सांगता येतं. एकीलाच कायमची लाडकी ठरवून तिच्याकडूनच सगळं वाचून घेता येतं. किंवा प्रत्येक फोटोचे तुकडे करून दोघींना वाटून देता येतात. एका माणसाने एका मिनिटात निवड करावी असा हा विषय. मी तो कार्यकारिणीपुढे मांडला, कारण क्लबाच्या नियमावलीत 'क्लबाच्या उपकरणांचा वापर' असं एक कलम आहे, आणि मी नियम पाळणारा माणूस आहे. माझी बायको ग्लेनिस याला दुसरा शब्द वापरते.

"तू आयुष्यभर लोकांची वाक्यं कापलीस, लिंडसे," ती म्हणाली. "इथे कापायला काही नाही म्हणून सभा बोलावतोयस."

सभा झाली. नोएलीन डॉबी अध्यक्षस्थानी होती. ही बाई चहाच्या भांड्याच्या तोटीवरसुद्धा नियम चिकटवते. माझा शेजारी मर्व्ह ट्रेगेन्झा पहिल्या रांगेत होता. कागद कारखाना बंद होईपर्यंत मर्व्ह तिथल्या युनियनचा सचिव होता. कारखाना गेला, पण मर्व्हचं सचिवपद गेलं नाही.

मी चारही पद्धती समजावल्या. एक डिस्क नवी आणि वेगवान आहे, दुसरी जुनी आणि जरा संथ आहे, तेव्हा नवीकडूनच वाचून घ्यावं, असं माझं मत आहे, हेही सांगितलं.

मर्व्ह उभा राहिला. "म्हणजे एकीने राबायचं आणि दुसरीने बसून खायचं?"

"मर्व्ह, ती डिस्क आहे. ती खात नाही."

"वीज खाते ना? मग? आमच्या कारखान्यात एका पाळीने राबायचं आणि दुसरीने विड्या फुंकायच्या असं झालं असतं ना, तर दुपारच्या आत गेट बंद केलं असतं मी. गड्या, या गावात सगळ्यांना सारखी संधी मिळते. निदान या खोलीत तरी."

टाळ्या पडल्या. मी म्हणालो, "नवी डिस्क वेगवान आहे. जुनीला मध्येच काम दिलं तर..."

"म्हातारी झाली म्हणून कोपऱ्यात बसवायची?" मागून कुणीतरी ओरडलं. खोलीतल्या लोकांचं सरासरी वय बघता हा मुद्दा निर्णायक ठरला.

फोटोकॉपीची यंत्रं विकून निवृत्त झालेला रॉस पाइक आमच्या गावात तंत्रज्ञ मानला जातो. तो म्हणाला की त्याला तुकडे वाटण्याची पद्धत पसंत आहे. एका बाईने विचारलं की मग लग्नाच्या फोटोत नवरा एका डिस्ककडून आणि नवरी दुसरीकडून येणार का. त्यावर बराच वेळ चर्चा झाली. शेवटी 'आळीपाळीने' हा ठराव प्रचंड बहुमताने मंजूर झाला. आमच्या नियमावलीप्रमाणे मंजूर ठराव पुढच्या वार्षिक सभेखेरीज फिरवता येत नाही. राज्यघटना बदलणं यापेक्षा सोपं आहे.

इथवर ठीक होतं. पण दोन्ही डिस्क मशीनला जोडायला एक कार्ड लागतं, कंट्रोलर. क्लबाच्या जुन्या मशीनमध्ये ते नव्हतं. नोएलीन दुसऱ्या दिवशी आपल्या नवऱ्याच्या गॅरेजमधून एक कार्ड घेऊन आली. केव्ह डॉबी मागच्या हिवाळ्यात गेला होता. गावातली प्रत्येक बंद पडलेली वस्तू तो चालू करायचा आणि ती महिनाभराने पुन्हा बंद पडायची. पण तो माणूस सगळ्यांना आवडायचा, मलाही.

"त्याने हे कशासाठी तरी घेतलं होतं," नोएलीन म्हणाली. "कशासाठी ते सांगायचं राहून गेलं."

आमच्या क्लबात दान नाकारता येत नाही आणि प्रत्येक दानावर पितळी पाटी लागते. बाकाला आहे, किटलीला आहे, पुरुषांच्या मुतारीतल्या एका आरशालाही आहे. कार्ड बोटभर आकाराचं, त्याला पाटी कशी लावणार? म्हणून 'केव्ह डॉबी यांच्या स्मरणार्थ' ही ऐसपैस पाटी मशीनच्या बाजूला स्क्रूने घट्ट बसवण्यात आली. नेमकी हवेच्या झरोक्यांवर. नोएलीनने स्वतःच्या हाताने ती पुसली आणि मागे सरून बघत राहिली. अशा वेळी झरोक्यांचा विषय काढणारा माणूस मी नाही.

पुढचं कुणालाही कळावं. मशीन चालू झालं, दोन्ही दिवे आळीपाळीने लुकलुकायला लागले, मर्व्ह समाधानाने घरी गेला. चार जणांनी एकदम फोटो उघडले की दोन्ही डिस्क एकाच कार्डातून धडाधड वाचायला लागायच्या, कार्ड तापायचं आणि चक्कर येऊन पडायचं. दोन्ही डिस्क एका क्षणात गायब. पुन्हा चालू केलं की मशीनला शंका, दोघींवरचं लिखाण आता सारखं असेल कशावरून? मग ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं पडताळून बघायला लागायचं. हे काम इतकं जड की त्यात कार्ड आणखी तापायचं आणि पुन्हा पडायचं. वाळवंटात उंटाला तहान लागली म्हणून त्याला विहीर खणायला लावण्यातला प्रकार.

सल्ला द्यायला अख्खं गाव आलं. आमच्या गावात खाटीक मांसाबद्दल कमी आणि संगणकाबद्दल जास्त बोलतो. त्याचं म्हणणं, समुद्राची खारी हवा. दंतवैद्य म्हणाला, मुळाशी कीड असणार. मर्व्हचं निदान राजकीय होतं. "जुनीला इतकी वर्षं बसवून ठेवलंत, आता एकदम कामाला लावलंत. अंग दुखणारच बिचारीचं."

"ती मी मागच्याच आठवड्यात सेकंडहँड विकत घेतलीय, मर्व्ह."

"मग तिची युनियनमध्ये नोंदणी झालेली नाही, हाच मुद्दा आहे माझा."

रॉस पाइकने टेबलफॅन लावायला सांगितलं. फॅन लावला. फॅन आणि चहाचं विजेचं भांडं एकाच फ्यूजवर होते. शनिवारी खेळ संपल्यावर पांढऱ्या कपड्यांतली सगळी मंडळी चहाला आत आली, कुणीतरी भांडं चालू केलं, आणि फॅन, भांडं, दिवे, मशीन सगळं एकदम गेलं. अंधारात एका बाईच्या हातातली स्कॅलप करीची पाय, म्हणजे शिंपल्यांच्या रश्शाने भरलेली पेस्ट्री, माझ्या कोटावर पडली. उजेड आला तेव्हा लोकांनी आधी पाय वाचवली, मग माझ्याकडे पाहिलं.

मग मशीन थंड जागी ठेवायचं ठरलं. क्लबात थंड जागा एकच, बारमागची बिअरची खोली. मशीन तिथे नेलं आणि कार्ड सुधारलं. चक्कर कमी झाली. पण दारूच्या परवान्याच्या नियमाप्रमाणे, आणि ते नियम नोएलीनने दारावर चिकटवले होतेच, त्या खोलीत फक्त जबाबदारीने दारू वाढण्याचं प्रमाणपत्र असलेल्यालाच जाता येतं. म्हणजे माझंच मशीन बघायला मला बारमनची विनवणी करायला लागली.

मी नगरपालिकेत विचारलं. तिथला माणूस म्हणाला, "सोपं आहे. कोर्स करून टाका."

"मी बिअर वाढणार नाही. मी फोटो बघणार आहे."

"फोटो बघताना बिअर वाढायची वेळ आली तर?"

मी कोर्स केला. या वयात, केस रंगवलेल्या विशीतल्या पोरांबरोबर बसून, झिंगलेल्या गिऱ्हाइकाला नम्रपणे नकार कसा द्यायचा हे शिकलो. झिंगलेल्या कार्डाला नकार कसा द्यायचा, हे त्यांच्या अभ्यासक्रमात नव्हतं. ग्लेनिसने ते प्रमाणपत्र फ्रेम करून दिवाणखान्यात लावलं आहे, माझ्या पत्रकारितेच्या पुरस्काराच्या वर. तिच्या मते दोन्हींपैकी हेच उपयोगी आहे.

तोवर बिअरच्या खोलीत मशीनवर दव धरायला लागलं, आणि ते परत मूळ खोलीत आलं.

आता मी काय केलं ते सांगतो. एक तर शहरातून दोन चांगली कार्डं मागवली, प्रत्येक डिस्कला स्वतंत्र, आणि ती ड्रॉवरमध्ये ठेवून दिली. कारण ती बसवायची तर केव्हचं कार्ड काढायला हवं आणि तसं नोएलीनला सांगायला हवं. ती रोज सकाळी येऊन ती पाटी पुसत होती. मग दुसरं काम केलं, ते बेकायदेशीर होतं. ठराव धाब्यावर बसवून मी वाचनाची पद्धत बदलली. फक्त नव्या डिस्ककडून वाचायचं, जुनीने नुसतं लिहून घ्यायचं आणि गप्प बसायचं. कार्डावरचा ताण उतरला. फोटो जरा सावकाश येत, पण येत. मशीन एकदाही पडलं नाही. मी कुणालाही काही सांगितलं नाही, आणि सगळे म्हणू लागले की आळीपाळीची पद्धत आता अंगवळणी पडली.

अधिकारी बाई पाहणीला आल्या. पेट्रा क्वान्स. उंच, कमी बोलणाऱ्या, पावसाळी कोट अंगात. व्हॅन त्यांनी दारातच उभी केली होती, मागचं दार आमच्याकडे करून. मला ते आवडलं नाही. क्लबात तोबा गर्दी. बायकांनी एकेक पदार्थ आणला होता, जणू मर्तिकाला आल्या आहेत. एका अर्थी आल्याच होत्या. मी क्लबातल्या सगळ्या संगणकांचे पडदे चालू केले आणि लोकांना एकदम फोटो उघडायला सांगितले. फोटो आले. पूल आला, भोंगा आला, होड्या आल्या. पेट्रा क्वान्सनी खोकी बघितली, कोरडेपणा तपासला, मान हलवली. दुसऱ्यांदा मान हलवली. मी मनात मथळा लिहायला लागलो होतो.

"लिंडसे," मर्व्हचा आवाज आला. "तो दुसरा दिवा का लुकलुकत नाहीये?"

तो मशीनपाशी गुडघ्यावर बसला होता, चष्मा कपाळावर ढकलून.

"लुकलुकतो मधूनमधून," मी म्हणालो.

"मी इथं किती वेळ बसलोय. नवी एकटी राबतेय आणि जुनी झोपलीय." तो उठला. गुडघे वाजले. "बदललंस तू. ठराव झालेला असताना बदललंस."

"मर्व्ह, हे नंतर..."

"नंतर? साहेब पण हेच म्हणायचे. नंतर!"

पेट्रा क्वान्स हातातली लॅमिंग्टन, खोबऱ्यात घोळवलेली केकची वडी, खाली ठेवून बघत होत्या. नोएलीनने टाळी वाजवून सगळ्यांना गप्प केलं.

"लिंडसे, पद्धत बदललीस का?"

"मशीन टिकावं म्हणून..."

"बदललीस का?"

"बदलली."

"मग परत ठरावाप्रमाणे कर. आत्ता, बाईंच्या समोर. इथे काही लपवलेलं नाही हे त्यांनाही कळू दे."

माझ्या आयुष्यात मी मंत्र्यांच्या फोनला घाबरलो नाही, पण त्या खोलीत, त्या करीचे डाग न गेलेल्या कोटात, मी मुकाट्याने तीन शब्द टाइप केले. दोन्ही दिवे लुकलुकायला लागले. मर्व्हने छाती पुढे काढली. खोलीत समाधानाचा उसासा झाला, आणि तो संपायच्या आत सगळे पडदे काळे झाले. मग जळक्या रबरासारखा वास आला.

पेट्रा क्वान्स मशीनपाशी गेल्या आणि बाजूला हात लावून झटक्याने काढून घेतला.

"दोन डिस्क ठेवल्यात, हे उत्तम," त्या म्हणाल्या. "पण दोन्ही एकाच कार्डावर लटकवल्यात. कार्ड पडलं की दोन्ही पडणार. वाचायचं कोणी यावर मतदान झालं म्हणताय. लटकवायचं कशावर, यावर झालं का?"

"नाही," मी म्हणालो.

"आणि झरोक्यांवर ही पाटी कुणी लावली?" त्यांनी वाकून वाचलं. "केव्ह डॉबी कोण?"

खोलीतले सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. मर्व्हसुद्धा.

"माझा नवरा," नोएलीन म्हणाली.

पेट्रा क्वान्स सरळ उभ्या राहिल्या. "माफ करा. पण मला हे असं सोडून जाता येणार नाही. मला फोटो वाचवायचे आहेत." त्यांनी व्हॅनच्या ड्रायव्हरकडे पाहिलं. तो खोक्यांकडे निघाला.

"थांब," नोएलीन म्हणाली. तो थांबला. त्याच्या जागी मीही थांबलो असतो. "रॉस, स्क्रूड्रायव्हर आहे का?"

रॉसकडे होता. चाळीस वर्षं फोटोकॉपीची यंत्रं विकलेल्या माणसाच्या खिशात दुसरं काय असणार? नोएलीन मशीनपाशी बसली आणि एकेक स्क्रू काढायला लागली. शेवटचा निघेना. मर्व्ह वाकून म्हणाला, "दे, मी बघतो." तिने दिला नाही. पाटी निघाली तेव्हा मागचे झरोके धुळीने काळे झालेले दिसले.

"त्याचं काहीच कधी धड चाललं नाही," ती पाटीकडे बघत म्हणाली. "आमचं वॉशिंग मशीन अजून उड्या मारतं. लिंडसे, दुसरं कार्ड मिळेल का?"

"आहे. दोन आहेत. त्या ड्रॉवरमध्ये."

"कधीपासून?"

मी ड्रॉवर उघडून कार्डं तिच्यापुढे ठेवली. तिने माझ्याकडे पाहिलं. जन्मभर मी अनेक लोकांकडे तुच्छतेने पाहत आलो आहे. ती नजर मला ओळखू येते, आणि समोरून आलेली तर चटकन.

"म्हणजे मी रडेन म्हणून तू गावाचे फोटो जाऊ देणार होतास," ती म्हणाली. "पुरुष!" आणि पाटी पदराला पुसावी तशी स्वेटरला पुसून तिने पर्समध्ये टाकली.

पेट्रा क्वान्स व्हॅन रिकामी घेऊन गेल्या. नवी कार्डं बसवून, मशीन महिनाभर नीट चाललं तर संग्रह गावातच राहील, असं त्यांनी सांगितलं. जाताना त्यांनी उरलेली लॅमिंग्टन कागदात बांधून घेतली. केव्हची पाटी आता बिअरच्या फ्रिजवर आहे. तिथे तो जास्त वेळ असायचा, असं नोएलीनचंच म्हणणं.

सोमवारी सकाळी मी एकटा क्लबात गेलो. दोन्ही कार्डं थंडगार होती, आरसा पूर्ण जुळला होता. सगळ्या पडद्यांवर एकदम फोटो उघडून बघितले. कार्डं बसवताना मी वाचन गुपचूप पुन्हा एकट्या नव्या डिस्ककडे दिलं होतं; तिच्याकडून ते रखडत आले. मग, कुणी बघत नाही याची खात्री करून, मी आळीपाळीची पद्धत लावून बघितली. फोटो झरझर आले. दोन भक्कम कार्डं असताना, अनेक जण एकदम मागत असताना, दोघींनी वाटून वाचणंच बरोबर असतं. हे कोणत्याही पुस्तकात दिलेलं आहे. मला ते माहीत नव्हतं असं नाही. मी तसंच ठेवलं.

वळलो तर दारात मर्व्ह उभा होता. तो किती वेळ उभा होता कुणास ठाऊक. तो मशीनपाशी आला, चष्मा कपाळावर ढकलला आणि दोन्ही दिवे बघत राहिला. एक लुकलुकला, मग दुसरा, मग पहिला.



"काळजी करू नकोस, गड्या," शेवटी तो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला. "मी कुणाला सांगणार नाही."

पहिला चहा व्हायच्या आत हिरवळीवरच्या प्रत्येकाला माहीत झालं होतं.